देवाचे भय कुठे दिसते?

देवाला भिऊन वाग, हे वाक्य कानावर न पडता मोठे झालेले मूल आपल्याकडे क्वचितच सापडेल. ख्रिस्ती घरात तर ते थेट पवित्र शास्त्रातून आलेले. पण तेच मूल रविवारी मंदिरात जाते, आणि तिथे पाळकसाहेब सांगतात की देव आपला पिता आहे, तो आपल्यावर प्रीती करतो. मग त्याच्या मनात एक प्रश्न येतो. विचारायचा धीर होत नाही म्हणून पुष्कळदा तो म्हातारपणापर्यंत तसाच राहतो. बापाला भ्यायचे कशाला?

प्रश्न पोरकट नाही. शास्त्रातच दोन्ही बाजू आहेत. नीतिसूत्रांचे पुस्तक शहाणपणाची सुरुवात परमेश्वराच्या भयापासून धरते. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगतो की प्रीती पूर्ण झाली की भीतीला तिथे जागा उरत नाही. आणि निर्गमच्या विसाव्या अध्यायात तर दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. सीनाय डोंगर धुमसतो आहे, गडगडाट चालला आहे, लोक थरथरत लांब उभे आहेत. मोशे त्यांना आधी सांगतो की भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतो की देवाचे भय तुमच्या डोळ्यांपुढे राहावे, तुमच्या हातून पाप घडू नये, म्हणून हे झाले आहे. आता मोशे गोंधळला होता असे तर म्हणता येत नाही. लोकांची भीती त्यांना देवापासून लांब नेत होती. देवाने आमच्याशी बोलूच नये, अशी त्यांची विनवणी होती. मोशेला हवे असलेले भय पापापासून लांब नेणारे होते. दोन्हींना नाव एक, वाटा मात्र उलट.

हा फरक फार सोप्या दृष्टांताने सांगितला तो संत ऑगस्टीनने. पाचव्या शतकाच्या आरंभी, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या गावी, योहानाच्या याच पत्रावर त्याने प्रवचने केली. तो म्हणतो, दोन बायका आहेत आणि दोघीही नवऱ्याला भितात. एकीचे मन दुसरीकडे गुंतलेले आहे. नवरा अचानक घरी येईल, ही तिची भीती. दुसरीचे नवऱ्यावर मनापासून प्रेम आहे. तो आपल्याला सोडून जाईल, ही तिची भीती. पहिलीची भीती प्रीतीने जाते, दुसरीची प्रीतीमुळेच राहते. मग पहिली भीती अगदीच निरुपयोगी का? त्यावरही त्याचे उत्तर आहे. चामडे शिवताना आधी राठ केस भोकातून जातो आणि मागून दोरा ओढला जातो. केस आतच राहिला तर दोरा येणार कसा? शिक्षेची भीती ही त्या केसासारखी. आत शिरून वाट करायची, आणि निघून जायचे.

आपल्याकडे पंचाईत होते ती इथेच. केस आतच राहतो. लहानपणी देवाचा बागुलबुवा करून ठेवला, दूध सांडले तरी देव बघतो आहे अशी धमकी दिली, की मूल देवाला भीत नाही, पकडले जाण्याला भिते. अशी मुले मोठेपणी एक तर देवाचे नाव टाकतात, नाही तर चारचौघांत डोळे मिटून प्रार्थना करतात आणि घरी गेल्यावर मोकळे होतात. मला तरी पहिली परवडली असे वाटते.

तेव्हा देवाचे भय ओळखायचे कशावरून? मिटलेल्या डोळ्यांवरून नव्हे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, देवाचे भय धरा. ही दोनच माणसे का निवडली असतील? बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. धोंडा कोणी ठेवला ते आंधळ्याला दिसत नाही. दोघेही फिर्याद करू शकत नाहीत, साक्षीदार नाही, पंचायत नाही. जिथे आपल्याला अडवणारे कोणीच नाही, नेमके तिथे शास्त्र देवाचे नाव घेते. पुढे पंचविसाव्या अध्यायात गरीब भावाकडून व्याज घेऊ नका, राबणाऱ्याला निष्ठुरपणे राबवू नका, असे सांगताना पुन्हा तेच शब्द येतात.

या आज्ञेचा अर्थ मी पुस्तकातून शिकलो नाही. लहानपणी आम्ही तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात एका खेड्यात राहत होतो. शेजारी एक आजी एकटी असायची, मुलगा मुंबईला गिरणीत. तिला अक्षरओळख नव्हती. मुलाचे कार्ड आले की ते वाचून दाखवायला ती माझ्याकडे यायची. एकदा बाहेर पोरे विटीदांडू घेऊन हाका मारीत होती. मी वरच्या दोन ओळी वाचल्या, बाकी सगळे खुशाल आहे असे ठोकून दिले आणि पळालो. खालच्या ओळीत लिहिले होते की शनिवारी एका रात्रीपुरता येतो. शनिवारी आजी लेकीच्या गावी गेली. मुलगा आला, कुलूप पाहून आमच्या ओट्यावर निजला आणि पहाटेच्या गाडीने परत गेला. तो वर्षातून एकदा येई.

आईला सगळे उमगले. मारले नाही. शास्त्र काढून तो अध्याय माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, “आजी आंधळी नाही रे, पण तुझ्यापुढे आंधळीच होती. तुझ्यावर विसंबून वाटेने चालली होती.” मग म्हणाली, “आता ती आली की तूच जाऊन सांग.” त्या दोन दिवसांत मला देवाची भीती वाटली असे नाही, वाटली ती आजीच्या चेहऱ्याची. पुढे कळले की या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या वेगळ्या नाहीत.

मोठ्या माणसांच्या बाबतीत नहेम्याचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमारास इराणच्या बादशहाने त्याला यहूदा प्रांतावर अधिकारी म्हणून पाठवले. दुष्काळ पडलेला, लोकांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकलेली, पोटची पोरे दास्यात दिलेली. हे आपल्या मुलखातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको! आधीचे अधिकारी रयतेकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल रुपे घेत असत. नहेम्याने १२ वर्षांत अधिकाऱ्याचा हा भत्ता घेतला नाही, आणि कारण लिहिले: देवाचे भय. भत्ता कायदेशीर होता, बरे का. घेतला असता तर कोणी बोट दाखवले नसते.

आणि देवाला भिणारा माणूस भित्रा असतो, अशी ज्याची समजूत असेल त्याने निर्गमचा पहिला अध्याय उघडावा. इब्र्यांना झालेले मुलगे जन्मताच मारा, असा मिसरच्या राजाचा हुकूम. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी तो पाळला नाही, कारण त्या देवाला भीत होत्या. त्या काळच्या केवढ्या तरी बलाढ्य राजाला न भिण्याचे बळ त्यांना या एका भयाने दिले.

आता हे भय अंगी यावे कसे? अनुवादाच्या पुस्तकात ते शिकायची गोष्ट म्हणून सांगितले आहे. राजाने गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि जन्मभर रोज वाचावी, म्हणजे तो भय धरायला शिकेल आणि त्याचे मन आपल्या भाऊबंदांपेक्षा वर चढणार नाही. दर सात वर्षांनी मांडवांच्या सणात पुरुष, बायका, मुले आणि परदेशी यांना एकत्र बसवून ते वाचून दाखवावे. शिक्षेची भीती शिकवावी लागत नाही, ती उपजतच असते. हे दुसरे भय रोज थोडे थोडे, इतरांच्या संगतीत शिकावे लागते.

एकशे तिसाव्या स्तोत्रात याहून नवलाची गोष्ट आहे. देवाजवळ क्षमा आहे, म्हणून लोक त्याचे भय धरतात, असे तिथे म्हटले आहे. क्षमा मिळाली की भय जावे, असा आपला हिशेब, स्तोत्रकर्त्याचा उलटा. हे मला पुष्कळ वर्षे कळले नव्हते, वचन पाठ असूनही.

आजी परत आली तेव्हा मी जाऊन सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग “जा, जेव जा,” एवढेच म्हणाली. महिन्याभराने मुलाचे पुढचे कार्ड आले. गावात वाचणारे आणखी होते, शाळेचे मास्तर होते. आजी कार्ड घेऊन माझ्याचकडे आली. मी ते दोनदा वाचले, तारीख आणि पत्तासुद्धा.