मिरची पडण्याआधीचा वाटा

दिवाळी सरून थंडीनं जोर धरला की असोद्यात आणि जळगावच्या आसपासच्या मळ्यांत भरिताच्या पार्ट्या रंगू लागतात. भरिताची वांगी म्हणजे हिरवट-पांढरी, चांगली मोठी, मऊ गराची आणि कमी बियांची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण असोद्याच्या वांग्याला त्याआधीही कुणाच्या शिक्क्याची गरज पडली नव्हती. काड्यांच्या जाळावर ही वांगी साल काळी पडेपर्यंत भाजायची, गरम असतानाच सोलायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. मग तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या-लसणाचा ठेचा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या.

या सगळ्या कामात एक टप्पा येतो, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. वांगं सोललेलं आहे, ठेचून झालेलं आहे आणि मिरची अजून पडायची आहे. त्या क्षणी बडगीत जे असतं ते मऊ, कोमट, किंचित गोडसर आणि धुरकट वासाचं असतं. दोन वर्षांच्या पोराला द्यायला याहून चांगली भाजी शोधून सापडायची नाही. तरीही बहुतेक घरांत त्यात मिरची पडते, पोर एक घास घेऊन तोंड भाजल्यासारखं रडतं, आणि आई किंवा आजी ‘याला भाजी चालतच नाही’ असं म्हणत त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देते. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं जन्मगाव. इथल्या शिवारात वांगी, मेथी, पोकळा, शेवगा, केळी सगळं पिकतं. अशा भागातही आया डॉक्टरांपुढे एकच तक्रार मांडतात: ‘पोरगं काहीच खात नाही.’

ही तक्रार खोटी नसते, पण तिचा अर्थ बहुतेकदा चुकीचा लावला जातो. जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत वजनानं साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र त्याचं वजन जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग असा एकदम उतरला की भूकही उतरते, आणि हे निसर्गाच्या नियमाप्रमाणेच घडत असतं. घरच्यांच्या डोळ्यांपुढे मात्र पहिल्या वर्षातलं गुटगुटीत, मागून मागून खाणारं बाळ असतं. त्याच्याशी तुलना सुरू होते, काळजी वाढते आणि त्या काळजीपोटी जबरदस्ती सुरू होते.

त्यात याच वयात नव्या पदार्थाची धास्ती वाटू लागते. मूल चालायला लागलं, हाताला येईल ते उचलून तोंडात घालायला लागलं, की अनोळखी वस्तूवर संशय घेणं त्याच्या जिवाच्या हिताचं असतं. या संशयाला सगळ्यात आधी बळी पडतात त्या हिरव्या, किंचित कडवट पालेभाज्या. गोडाची ओढ जन्मजात असते, कडू चव मात्र ओळखीनंच गोड लागते. कुणाची जीभ कडवटपणाला जास्त जागी असते हे काही अंशी आनुवंशिक आहे. त्यामुळे एकाच घरात थोरली मेथी मिटक्या मारत खाते आणि धाकटा ताटाला हातही लावत नाही, यात आईचं काही चुकलेलं नसतं.

ही ओळख व्हायची कशी, याचं उत्तर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या अभ्यासांतून बऱ्यापैकी पक्कं झालं आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ कमी-जास्त वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तोच मुलांनी पुढे जास्त पसंत केला. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धडा घराघरांत नेला. दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी, मुलाला न आवडणाऱ्या एका भाजीचा छोटासा घास सलग चौदा दिवस, अजिबात आग्रह न करता, पुढे करायचा. दोन आठवड्यांनी त्या भाजीची आवडही वाढली आणि खाल्लं जाणारं प्रमाणही.

आपल्याकडे काय होतं? तिसऱ्या-चौथ्या नकारालाच निकाल लागतो. ‘याला पालक आवडत नाही’ हे वाक्य घरात एकदा ठरलं की पालक परत त्याच्या ताटात येत नाही. म्हणजे पोराची पालकाशी ओळख व्हायला जेवढ्या भेटी लागणार होत्या, त्यातल्या निम्म्याही होत नाहीत. मुलानं घास जिभेला लावून बाहेर काढला तरी ती एक भेट झाली. बोटानं चिवडला, हुंगला, तरी झाली. फक्त घास नखाएवढा असावा. वाटीभर भाजी समोर आली की मोठ्यांचंही धैर्य खचतं.

ओळखीची सुरुवात तर जन्माच्याही आधी होते. फिलाडेल्फियातल्या एका संस्थेतल्या ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही स्त्रियांना गरोदरपणात, काहींना अंगावर पाजत असताना गाजराचा रस प्यायला दिला. पुढे त्यांची बाळं गाजराच्या चवीची पेज कमी तोंड वाकडं करून खाऊ लागली. आईनं खाल्लेल्याची चव गर्भजलात आणि दुधात उतरते. आपल्याकडे बाळंतिणीला शेपू, मेथी, लसूण आवर्जून देतात ती प्रथा म्हणूनच जपण्यासारखी आहे. पण त्याच वेळी वांगं वातूळ, अमकी भाजी थंड, तमकी गरम असं म्हणत तिच्या ताटातून डझनभर भाज्या काढून घेतल्या जातात. त्याचा तोटा दोघांनाही होतो.

जबरदस्तीबद्दल तर स्पष्टच बोललं पाहिजे. नाक दाबून, मांडीत आडवं धरून, ‘पोलीस येईल’ म्हणून भरवलेला घास पोटात जातो, पण जेवणाची नावड कायमची बसवून जातो. २००६ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात बालवाडीतल्या मुलांना सूप दिलं. काही वेळा ‘संपव, संपव’ असा लकडा लावला, काही वेळा नुसतंच समोर ठेवलं. लकडा नसताना मुलांनी सूप जास्त प्यायलं. लाचेचंही तेच. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन’ या वाक्यातून मूल एवढंच शिकतं की चॉकलेट भारी आणि भाजी ही शिक्षा. मोबाईल दाखवून भरवलं तर घास जातात खरे, पण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं हे पोराला कळतच नाही.

मग मुलावर सोपवावं तरी किती? याबाबत शंभर वर्षांपूर्वीचा एक विलक्षण प्रयोग आजही उपयोगी पडतो. क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ च्या सुमारास नुकतंच दूध सुटलेल्या बाळांपुढे वेगवेगळे साधे पदार्थ मांडले आणि निवड पूर्णपणे त्यांच्यावर सोडली. एकूण १५ मुलं, ३४ पदार्थ: भाज्या, फळं, धान्यं, दूध, अंडी, मांस. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसायची. बाळानं हात केला तरच घास द्यायची, स्वतःहून काहीही सुचवायची नाही. कुणी एका जेवणाला नुसतीच फळं खाल्ली, कुणी नुसतीच अंडी. एकेक जेवण पाहिलं तर अगदी विचित्र, पण मुलं सुदृढ वाढली. एका बाळाला मुडदूस होता. ते बरं होईपर्यंत आपणहून कॉड माशाचं तेल घेत राहिलं आणि नंतर त्यानं ते सोडून दिलं. या प्रयोगाचं मर्म डेव्हिस बाईंनी स्वतःच सांगून ठेवलं आहे: सगळी गंमत त्या ३४ पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, डबाबंद पदार्थ नव्हते. मुलाची निवड शहाणी ठरली, कारण मोठ्यांनी यादी शहाणपणानं केली होती.

काय वाढायचं, कधी आणि कुठं वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. वाढलेल्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलानं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी मांडलेली ही कामाची वाटणी आज अनेक देशांत आहारतज्ज्ञ सांगतात. आपल्या घरांत ती नेमकी उलटी होते. काय खायचं ते पोर ठरवतं, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांचं पाकीट टांगलेलं असतं. आणि किती खायचं ते आजी ठरवते.

या पाकिटांचा हिशेब साधा आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. सकाळी चहा-बिस्किट, अकरा वाजता कुरकुरीत पाकीट, दुपारी बाटलीभर दूध, झोपताना पुन्हा बाटलीभर दूध, एवढ्यात त्यातला मोठा वाटा संपतो. मग जेवणाच्या वेळी भूक येणार कुठून? ‘काहीच खात नाही’ म्हणून ज्याची काळजी केली जाते, ते पोर खरं तर दिवसभर खात असतं. दुधाबद्दल तर आपल्याकडे इतकी श्रद्धा आहे की सांगताना जपूनच सांगावं लागतं. दूध चांगलंच आहे, पण त्यात लोह जवळजवळ नसतं. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की ते जेवणाची जागा घेतं आणि रक्त कमी पडू लागतं. चहा तर या वयात नकोच. अन्नातलं लोह अंगी लागण्यात तो आडवा येतो.

रक्त कमी पडणं ही इथली खरी आणि मोठी अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालची ३५ टक्के बालकं वयाच्या मानानं खुजी होती. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर बालकांतल्या जेमतेम अकरांना पुरेसा आणि विविध आहार मिळत होता. या आकड्यांमागे गरिबी आहे, हे विसरून चालणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई अंधार पडता घरी येते, चूल पेटेपर्यंत पोर झोपलेलं असतं. अशा घरात ‘दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्या’ हा सल्ला एकट्या आईला देणं म्हणजे तिच्यावरचा अन्याय वाढवणं आहे. बाप, आजी, मोठी भावंडं, शेजारची अंगणवाडी, सगळ्यांनी मिळून हे काम उचलायला हवं.

खानदेशी स्वयंपाकघरात यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. तुरीचं वरण घट्ट ठेवायचं, त्यात पोकळा, पालक किंवा मेथीची पानं चिरून शिजवायची, फोडणीची मिरची घालण्याआधी पोराची वाटी काढून घ्यायची, वर चमचाभर तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबामुळे भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं, आणि एवढ्याशा पोटात तुपामुळे थोडक्यात जास्त ताकद जाते. ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी या वरणात कुस्करली की धान्य आणि डाळ एकाच घासात आले. वरण-बट्टीतली बट्टी चुरून तशीच देता येते. घोटलेली वांग्याची भाजी तर मुळातच मऊ असते, फक्त तिखट नंतर घालायला हवं. शेवग्याची उकडलेली शेंग पोराच्या हातात द्यावी. चोखता चोखता ते स्वतःच गर काढतं. कपडे खराब होतात ते धुता येतात. अंबाडीचा आंबटपणा काही मुलांना लवकर आवडतो. डाळीच्या पिठाच्या धिरड्यात कांद्याची पात, किसलेलं गाजर घालता येतं. भाजी अशी लपवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण न दिसलेल्या भाजीशी ओळख होत नाही. जे अंडं खातात त्यांनी ते जरूर द्यावं. केळी तर जळगावची! मधल्या वेळच्या भुकेला ती पाकिटापेक्षा कितीतरी सरस, मात्र लोहासाठी तिच्यावर विसंबू नये. शेंगदाणा कुटूनच द्यावा. अख्खा दाणा, फुटाणा या वयात घशात अडकून जीव जाऊ शकतो.

सरकारी पातळीवरही याच शहाणपणाचे काही धागे आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी गावोगाव पोचली. राज्याच्या आदिवासी भागांत, त्यात धुळे-नंदुरबारचे पाडे आणि जळगावचा सातपुड्यालगतचा पट्टाही आला, अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. अंगणवाडीत एक फायदा घराला कधीच जमणार नाही असा असतो: तिथं शेजारचं पोर खात असतं. घरी भाजीला हात न लावणारं मूल चार मुलांच्या पंगतीत तीच भाजी निमूट खाताना दिसतं. घरातही हेच सूत्र लागू पडतं. पोराला आधी एकट्याला भरवून मोकळं होण्यापेक्षा त्याला सगळ्यांसोबत ताटावर बसवावं, आणि बापानं स्वतःच्या ताटातली मेथी त्याच्यासमोर खावी.

सगळीच मुलं मात्र केवळ हट्टानं नाकारत नसतात. मूल माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल खात असेल, डोळ्यांच्या पापण्या आतून फिक्या दिसत असतील, गिळताना वारंवार ठसकत असेल, दोन-चार पदार्थांपलीकडे काहीच घेत नसेल, वजन महिनोन्‌महिने जागचं हलत नसेल, तर तो डॉक्टरांकडे जाण्याचा विषय आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध, दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस आणि जंतनाशक गोळी हे सगळं सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतं. पोटात जंत असले तर भूक मरते. अशा वेळी घरचे आग्रहाचे सगळे प्रयोग वाया जातात.

अंगणवाडी सेविकेकडे दंडाचा घेर मोजायची एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर काळजी घ्यायची, साडेअकराच्या खाली गेला तर लगेच दवाखाना गाठायचा. मोजायला अर्धा मिनिटही लागत नाही. घरात दोन-तीन वर्षांचं पोर असेल, तर या महिन्यात त्याला अंगणवाडीत न्या, दंड मोजून घ्या, वजन तक्त्यावर लावून घ्या. दंड आणि वजन ठीक असेल, तर त्याच्या मागे वाटी घेऊन फिरणं आजच थांबवा.