हाकेला ओ देणारा व्यवसाय

ज्येष्ठ नागरिकांनी अंगावर बाळगायच्या सुरक्षा-उपकरणांचा उद्योग वरवर घड्याळे आणि लॉकेट विकण्याचा दिसत असला, तरी त्याचा खरा कस संकटात मारलेल्या हाकेला ओ देण्यात लागतो, हे या उद्योगाच्या आरंभापासूनच स्पष्ट आहे. अमेरिकेत १९७४ साली अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञाने स्थापन केलेल्या ‘लाइफलाइन’मध्ये कळ दाबताच टेलिफोनवरून मदत केंद्राला संदेश जात असे, आणि ग्राहक पैसे मोजत ते मुख्यतः त्या केंद्रात जागे असलेल्या माणसांसाठी.

पुढे कळ दाबण्याइतकीही शुद्ध नसलेल्या व्यक्तीचा प्रश्न आला, आणि त्यातून पडणे आपोआप ओळखणारी यंत्रणा घडली. तिचा आधार असलेला प्रवेगमापक, म्हणजे गतीतील बदल मोजणारा सूक्ष्म सेन्सर, शरीर कोसळताना क्षणभर जवळजवळ शून्य, आदळताना एकदम मोठा आणि नंतर स्थिर आकडा दाखवतो. हा क्रम जुळला की उपकरण पडल्याचा निष्कर्ष काढते आणि ठरावीक वेळात उत्तर न मिळाल्यास संदेश पाठवते. ॲपलने २०१८ मध्ये ही सोय मनगटी घड्याळात आणल्यावर ती सर्वपरिचित झाली. मात्र जमिनीवर पाट मांडून बसणाऱ्या, दिवाणावर धपकन अंग टाकणाऱ्या घरांत खोट्या सूचना वाढण्याचा धोका असतो, आणि चारदा विनाकारण धावून आलेला शेजारी पाचव्यांदा रेंगाळतो. शिवाय ओल्या न्हाणीघरात, जिथे घसरण्याची भीती सर्वाधिक, तिथे जाताना घड्याळ हमखास काढून ठेवले जाते. या सवयी न अभ्यासता उपकरण बाजारात आणणाऱ्याने अर्धेच काम केलेले असते.

नागपूरचा विचार या संदर्भात उद्बोधक आहे, कारण मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी असलेली आणि घरात दोघेच उरलेली कुटुंबे येथे धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत आढळतात, आणि राज्याच्या ‘११२’ या आपत्कालीन सेवेचे नवी मुंबईनंतरचे दुसरे संपर्क केंद्रही याच शहरात आहे. तरीही जीपीएस, म्हणजे उपग्रहांच्या साहाय्याने ठावठिकाणा सांगणारी प्रणाली, इमारत दाखवील. मजला आणि किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र आधी नोंदवून ठेवावे लागते. नवउद्योजकाला खरी संधी या कंटाळवाण्या नोंदींत आणि घरापर्यंत पोहोचणाऱ्या माणसांच्या जाळ्यात आहे. अशा उपक्रमांना भांडवल मिळावे म्हणून केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये ‘सेज’ ही योजना आणली, जिच्यात निवडलेल्या नवउद्योगाला १ कोटी रुपयांपर्यंत भागभांडवल देण्याची तरतूद आहे.

याच शहराने मनगटी उपकरणाची दुसरी बाजूही पाहिली आहे. महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या हाती हजेरी व ठिकाण टिपणारी जीपीएस घड्याळे बांधली, तेव्हा कामगारांमधून ही पाळत असल्याची तक्रार उमटली. वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत मालकाची जागा प्रेमळ मुलगा घेतो, एवढाच फरक. दिवसभर ठावठिकाणा कळवणारे घड्याळ त्यांनाही जाचू शकते, आणि जाचलेले घड्याळ कपाटात जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अशी माहिती वापरताना ज्याची ती आहे त्याच्या संमतीला महत्त्व देतो, त्यामुळे कोणती नोंद कोणाला दिसावी हे ठरवण्याची कळ खरेदीचे पैसे भरणाऱ्या मुलाकडे न ठेवता घड्याळ घालणाऱ्या आईकडे ठेवणे उत्पादकाला भागच पडेल.