मराठी मजकूर-संपादकात मार्कडाउन : एक अडचण

जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्कडाउन ही साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी दर्शविणारी पद्धती होय. **हापूस** असे लिहिल्यास शब्द ठळक होतो. ओळीच्या आरंभी # व मोकळी जागा दिल्यास शीर्षक बनते. वेबवरील संपादकात ही सोय आणणे फारसे कठीण नाही. मराठीत मात्र चिन्हांपाशीच अडते. प्रचलित इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ३ दाबल्यास # ऐवजी रकार, तर ८ दाबल्यास * ऐवजी ‘श्र’ उमटतो. लेखकाला वारंवार इंग्रजी कळफलकाकडे वळावे लागते. म्हणून ठळक व शीर्षकाची बटणे काढून टाकणे अनुचित ठरेल. शिवाय कॉमनमार्कच्या नियमांत क्रमवार यादीसाठी इंग्रजी अंकच ग्राह्य असल्याने ‘१.’ साधा मजकूर ठरतो. संपादकाने तो स्वीकारावा, साठवताना इंग्रजी अंक ठेवावा आणि सीएसएसमधील देवनागरी यादीशैलीने पडद्यावर पुन्हा ‘१’ दाखवावा.