मोजण्याआधीचा बंदोबस्त

अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राच्या पातळीची नोंद ठेवण्यास आरंभ झाला, आणि सागराच्या पातळीत दशकानुदशके होणारा सूक्ष्म बदल पारखू पाहणाऱ्या अभ्यासकांना मुंबईचे ते जुने दप्तर आजही मोलाचे वाटते. त्या काळच्या भरतीमापकांतील घड्याळ आणि कागदावर रेघ ओढणारी लेखणी यांचे कौतुक पुष्कळ होते. परंतु त्याहूनही चिंतनीय गोष्ट म्हणजे यंत्राचा तरंगता गोळा उघड्या समुद्रात न ठेवता एका उभ्या विहिरीत ठेवण्याची आणि त्या विहिरीला तळाशी फक्त एक लहानसे छिद्र राखण्याची तजवीज. काही सेकंदांत उठून विरणाऱ्या लाटेला त्या छिद्रातून आत शिरण्याइतकी सवड मिळत नाही, आणि सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांच्या आवर्तनाने येणारी भरती मात्र आपल्या पूर्ण उंचीनिशी आत प्रवेश करते. ही विहीर नसती, तर तासातासाला घेतलेल्या प्रत्येक आकड्यात त्या क्षणी जवळून गेलेली लाट कायमची मिसळून राहिली असती; आणि आकडा एकदा दप्तरात दाखल झाल्यावर त्यातील लाट किती आणि भरती किती, हे कोणत्याही गणिताला सांगता आले नसते.

विजेच्या संकेताचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या आजच्या प्रत्येक यंत्रापुढे हाच प्रश्न उभा असतो. असे यंत्र संकेत अखंड पाहत नाही, ठरावीक अंतराने त्याचे नमुने घेते. आणि संकेतातील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तरच तो संकेत पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो, हा सिद्धांत नाइक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि शॅनन यांच्या १९४९ च्या लेखनातून प्रस्थापित झाला. ही मर्यादा ओलांडणारे कंपन नाहीसे होत नाही. ते खोटे रूप घेऊन आत येते. सेकंदाला १,००० नमुने घेणाऱ्या यंत्रात एखाद्या दिव्याच्या वीजपुरवठ्यातून ६०,००१ हर्ट्झचे कंपन शिरले, तर आकड्यांत ते १ हर्ट्झचे, म्हणजे मिनिटाला साठ ठोक्यांच्या शांत हृदयाच्या गतीचे दिसेल. या रूपपालटाला अ‍ॅलियासिंग म्हणतात.

हृदयाचे उदाहरण मी हेतुपूर्वक घेतले आहे. परळ हा मुंबईतील रुग्णालयांचा परिसर. १९२६ साली तेथे के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय आले. त्यांच्या आसपास परळ-दादरच्या लोहमार्गांवर पूर्वी १,५०० व्होल्टची एकदिश वीज खेळत असे, तेथे आता २५,००० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज वाहते. आणि इमारतींच्या भिंतीभिंतींतून तर तीच ५० हर्ट्झची वीज सर्वत्र आहेच. अशा परिसरात ईसीजी काढायचा म्हणजे जेमतेम १ मिलिव्होल्टचा संकेत टिपायचा, आणि तोही ज्या देहावर सभोवतालच्या तारांचा प्रभाव त्याच्या कित्येक पट पडलेला असतो त्या देहावरून. या संकटावर उपाय म्हणजे दोन तारांचा, म्हणजेच डिफरन्शियल प्रवेश. दोन्ही तारांवर जे समान आहे ते यंत्र वजा करते आणि त्यांच्यामध्ये जे अंतर आहे तेवढेच मोजते. ५० हर्ट्झ हे हृदयाच्या संकेताच्या हद्दीतच पडत असल्यामुळे ते अडवण्याचे काम या वजाबाकीचे; हद्दीबाहेरच्या जलद कंपनांना अडवण्याचे काम फिल्टरचे, म्हणजे विहिरीच्या त्या छिद्रासारख्या मंडलाचे. ही दोन कामे वेगळी आहेत, परंतु पहिले सांभाळताना दुसरे बिघडू नये आणि दुसरे साधताना पहिले मोडू नये, यातच रचनाकाराचे खरे कौशल्य आहे.

या फिल्टरची रचना दिसायला अगदी साधी असते, आणि तिला स्वतःची वीजही लागत नाही. दोन्ही तारांत एकेक रेझिस्टर, दोन्ही तारांच्या मध्ये एक मोठा कपॅसिटर, आणि प्रत्येक तारेपासून मंडलाच्या शून्यरेषेकडे एकेक लहान कपॅसिटर. समजा, रेझिस्टर १ किलोओहमचे घेतले, मधला कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा आणि बाजूचे दोन ०.०१ मायक्रोफॅरडचे, तर तारांमधील अंतराच्या संकेताची छेदसीमा, म्हणजे जिच्यापुढची कंपने दबत जातात ती मर्यादा, सुमारे ७५८ हर्ट्झवर येते, आणि दोन्ही तारांवरच्या समान संकेताची सुमारे १५,९०० हर्ट्झवर. ईसीजीला १५० हर्ट्झपर्यंतचा पल्ला साधारणतः पुरेसा असल्याने खरा संकेत सुखरूप राहतो. मधला कपॅसिटर बाजूच्यांच्या निदान दहापट ठेवण्याचा जो प्रघात आहे, त्यामागेही कारण आहे: बाजूचे दोन कपॅसिटर तंतोतंत सारखे नसले, तर त्या विषमतेतून उच्च कंपनांचा जो खोटा फरक निर्माण होतो, त्याला मधला कपॅसिटर दाबून टाकतो.

५० हर्ट्झवर मात्र हा मधला कपॅसिटर मदतीस येत नाही, आणि पुष्कळ रचना फसतात त्या येथेच. बाजूच्या दोन कपॅसिटरांमध्ये दहा टक्क्यांचा फरक असेल आणि दोन्ही तारांवर समान असा १ व्होल्टचा उपद्रव असेल, तर त्यातून सुमारे ०.३ मिलिव्होल्टचा खोटा फरक उपजतो, म्हणजे हृदयाच्या संकेताचा जवळजवळ तिसरा हिस्सा. वजाबाकी करणारे यंत्र कितीही अव्वल दर्जाचे असले तरी त्याचा येथे निरुपाय होतो, कारण त्याच्यापर्यंत तो फरक खऱ्या संकेताच्याच वेषात पोहोचतो. त्वचेचा रोधही दोन बाजूंना समान नसतो. म्हणून ईसीजीत आधी बफर, म्हणजे तारांवर भार न टाकता संकेत पुढे देणारे मंडल, आणि त्यानंतर हे फिल्टरचे मंडल ठेवणे मला श्रेयस्कर वाटते.

गिरगावालगतच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, १०३ आणि १०४ असे अंक छापलेले कपॅसिटर सहज मिळतात. १०३ म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड आणि १०४ म्हणजे ०.१. परंतु अंक सारखे म्हणून पदार्थ सारखा, असे समजू नये. एक्स-७-आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरची धारकता त्यावरील व्होल्टेजाबरोबर आणि उष्णतेबरोबर बदलते. सी-०-जी जातीची मात्र फारच थोडी. बाजूच्या दोन जागांसाठी याच दुसऱ्या जातीचे नग घ्यावेत, एलसीआर मीटरवर एकेक मोजून जवळच्या मूल्यांच्या जोड्या लावाव्यात, आणि रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे निवडावेत. रेझिस्टर मोठे घेऊन कपॅसिटर लहान करण्याचा मोह आवरावा. १ मेगाओहमच्या रेझिस्टरांतून, दोन बाजूंच्या प्रवाहांत अवघा १ नॅनोअँपियरचा फरक असला, तरी १ मिलिव्होल्टचा स्थिर दोष उत्पन्न होतो.

अशा एकपदरी फिल्टरचा उतार सौम्य असतो: छेदसीमेच्या दहापट वर गेल्यावर उपद्रव फक्त दहावा हिस्सा उरतो. म्हणून सेकंदाला १,००० ऐवजी १,००,००० नमुने घ्यावेत. मग हद्दीत दुमडून येऊ शकणारे पहिले कंपन ९९,००० हर्ट्झच्या वरचे असते, आणि ते तोवर सुमारे १३० पट क्षीण झालेले असते. पुढील छाननी आकड्यांवर निर्धास्तपणे करता येते. रचना पुरी झाल्यावर दोन्ही प्रवेश एकत्र जोडून त्यांना ५० हर्ट्झचा १ व्होल्ट द्यावा आणि आकड्यांत काय उमटते ते पाहावे; तेथे ०.०३ मिलिव्होल्टपेक्षा अधिक दिसले, तर बाजूच्या जोडीतील एक कपॅसिटर बदलून चाचणी पुन्हा घ्यावी.