दार लावून केलेली प्रार्थना

ख्रिस्ती उपासना म्हटली की चर्च, घंटा आणि रविवारी जमलेली मंडळी डोळ्यांपुढे येते. येशूने डोंगरावरील प्रवचनात मात्र आणखी एक जागा सांगितली. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नये, खोलीत जाऊन दार लावून घ्यावे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली ही शिकवण. पण ज्याच्या घरात वेगळी खोलीच नाही त्याने काय करावे? ही खोली म्हणजे माणसाचे मनच, असा अर्थ मिलानचे बिशप अँब्रोज यांनी चौथ्या शतकातच लावला होता. पुढे १५७७ मध्ये स्पेनमधल्या संत तेरेझा यांनी आत्म्याला सात दालनांच्या गढीची उपमा दिली. तिच्यात शिरण्याचे दार त्यांच्या मते प्रार्थना हेच.

मराठीत या मनातल्या जागेला खरे रूप दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये त्यांचा जन्म झाला. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना याच डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला, तरी देवाशी बोलण्याची तुकोबांची रीत त्यांनी सोडली नाही. ख्रिस्ताला ते अभंगातून आळवत, माउली म्हणत. हे निव्वळ देशी पेहराव चढवणे नव्हते. अभंग आटोपशीर असतो, पाठ होतो, जात्यावर किंवा वाटेने चालतानाही म्हणता येतो, म्हणजे दार लावायला खोलीच हवी असे उरत नाही. एरवी साधना साधीच असते: ठरलेली वेळ, बायबलमधला छोटा उतारा, त्यावर मनन, थोडे मौन. मन भटकले तर चिडचिड न करता ते परत आणायचे. कठीण असते ते रोज बसणे. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये टिळकांची कितीतरी गीते आहेत, त्यामुळे एकान्तातले शब्द रविवारी सर्वांच्या तोंडी येतात.

टिळक स्वतः एकान्तात अडकून राहिले नाहीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले.