वीज परत आल्यावर सुरू न होणारा संगणक

वीज जाऊन परत आली आणि शाळेतील संगणक सुरू होईना, की तो जळाला असे समजून झाकून ठेवण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आढळतो. मुले मात्र महिनोन्महिने त्या पाठास मुकतात. वास्तविक यंत्र पुष्कळदा शाबूत असते.

प्रथम त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून वीज येते की नाही हे पाहावे. येत असल्यास संगणकाची वायर भिंतीतून काढून, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. विजेचा दाब एकाएकी कमीजास्त झाल्यास पॉवर सप्लाय स्वसंरक्षणार्थ बंद पडतो, आणि आत उरलेला विद्युद्भार ओसरेपर्यंत कित्येकदा तसाच अडून राहतो. काही मिनिटांनी वायर पुन्हा जोडावी. एवढ्याने काम होते, हे पुष्कळांस खरे वाटत नाही!

संगणक सुरू होऊन चुकीची तारीख दाखवीत अडत असल्यास मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी बहुधा संपलेली असते. ती सीआर २०३२ या नावाने अल्प किमतीत मिळते.

पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही तीत काही काळ घातक विद्युद्भार राहतो. जळका वास येत असल्यास वरील कोणताही प्रयोग न करता जाणत्या कारागिरास बोलवावे.