बस्त्यामागची छावणी

निपाणी भागात लग्न ठरलं की बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जायचं, हे ठरलेलंच. माझ्या लग्नाचा बस्ताही तिथलाच. ही पेठ निर्वासितांच्या छावणीवर उभी आहे, हे मात्र मला तिशी ओलांडल्यावर कळलं.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं सैबेरियाकडे हाकलली. त्यातले सुमारे ५००० जण, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे १९४३ पासून वळिवड्याला आले. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च. पाच वर्षं तिथं छोटं पोलंडच नांदलं. १९४८ मध्ये ते गेले आणि त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. त्यांनी कापडाचा व्यापार उभारला, तेच आपलं गांधीनगर.

आज वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधून निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना वाट देणाऱ्या देशांत पोलंडही होता.

आसरा दिल्यानं आपलं काही कमी झालं नाही. उलट साऱ्या भागाला बाजारपेठ मिळाली. पुढच्या बस्त्याला मुलांना सोबत न्या आणि कोल्हापुरात महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभही दाखवा.